बघायला हरकत नाही, नक्कल मिळणार नाही

राजस्थानातील जनसुनावण्या, १९९४ ते १९९७: एक प्रकरण अभ्यास

६ एप्रिल १९९६. राजस्थानातल्या ब्यावर शहरात चांग गेटपाशी आसपासच्या खेड्यांतले मजूर आणि छोटे शेतकरी धरणे धरून बसले. मागणी एवढीच होती की आमच्या गावात सरकारने जो पैसा खर्च केल्याचे दाखवले आहे, त्या खर्चाच्या कागदांची नक्कल आम्हाला द्या. त्याच दिवशी राज्य सरकारने आदेश काढला. फी भरा आणि कागद पाहा, असे त्यात म्हटले होते. झेरॉक्स मात्र मिळणार नव्हती.

निम्मे पदरात पडले असे समजून उठून जाता आले असते. तसे कुणी केले नाही. आदेश नाकारला आणि धरणे चाळीस दिवस चालले, तेही राजस्थानच्या एप्रिल-मेच्या उन्हात. तिथे बसलेल्यांपैकी अनेकांना अक्षरओळख नव्हती. ज्याला वाचता येत नाही तो माणूस ‘बघून घ्या’ हे नाकारतो आणि ‘नक्कलच द्या’ म्हणून चाळीस दिवस हटत नाही, याचे कारण काय? मला हे प्रकरण याच प्रश्नापासून उलगडत न्यावेसे वाटते. माहिती अधिकाराचा इतिहास सांगताना आपण २००५ च्या कायद्यापासून सुरुवात करतो आणि हा प्रश्न मागेच राहून जातो.

मजुरी कुठे अडत होती

राजसमंद, पाली, अजमेर आणि भिलवाडा हे जिल्हे तेव्हा जिथे एकमेकांना भिडायचे, तो अरवलीच्या डोंगरांचा भाग. पाऊस बेभरवशाचा, जमीन थोडी आणि खडकाळ. कामासाठी पुरुष शहराकडे जायचे आणि गावात राहिलेल्या बायका दुष्काळी कामांवर. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेल्या माणसांना हे चित्र वेगळे सांगावे लागणार नाही.

१९८७ मध्ये याच भागातल्या देवडूंगरी गावात तिघेजण राहायला आले. अरुणा रॉय १९७५ मध्ये भारतीय प्रशासन सेवा सोडून राजस्थानातल्याच तिलोनिया गावच्या ग्रामविकास संस्थेत काम करत होत्या. त्यांच्याबरोबर निखिल डे आणि शंकर सिंह होते. राहायला गावातल्यासारखेच मातीचे घर. कोणताही प्रकल्प किंवा योजना घेऊन ते आले नव्हते. लोकांशी बोलताना पहिला प्रश्न पुढे आला तो मजुरीचा. कायद्याने ठरलेली किमान मजुरी दुष्काळी कामांवर हातात पडत नव्हती. १९८३ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्याच एका प्रकरणात निकाल दिला होता की दुष्काळी कामावरही किमान मजुरीपेक्षा कमी पैसे देणे म्हणजे वेठबिगारी आहे. निकाल असूनही मजुरी कमीच मिळत राहिली.

विचारायला गेले की उत्तर ठरलेले असायचे: तुम्ही काम कमी केले, मोजमापात भरले नाही. मग ते मोजमाप दाखवा, असे बायका म्हणायच्या. ते सरकारी रेकॉर्ड आहे, दाखवता येत नाही. बोलणे तिथेच संपायचे. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा डोक्यावर होताच, पण खालच्या पातळीवर कायद्याचे नावही घ्यावे लागत नव्हते. कपाटाची किल्ली ज्याच्या खिशात, त्याचाच कायदा.

१ मे १९९० रोजी जवळच्या भीम इथे या तिघांनी आणि आसपासच्या मजूर-शेतकऱ्यांनी मिळून मजदूर किसान शक्ती संगठन स्थापन केले. मजुरीसाठी भीममध्ये १९९० आणि १९९१ साली उपोषणे झाली. वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, वाटाघाटी झाल्या, पण प्रत्येक वेळी वाट त्याच कपाटापाशी येऊन थांबली. आपण काम केले हे खरे, पण त्याचा पुरावा समोरच्याच्या ताब्यात आहे. हे जेव्हा नीट उमगले तेव्हा मागणी बदलली. मजुरीच्या मागणीतून कागदाची मागणी निघाली. माहितीच्या हक्काची भाषा या लोकांकडे घामातून आली, आणि मला हे या सगळ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे वळण वाटते.

कागद कागदाशी जुळतो

गावातल्या एका कामाचे, समजा बंधाऱ्याचे, चार-पाच तऱ्हेचे कागद तयार होतात. हजेरीपटावर मजुरांची नावे, दिवस, रक्कम आणि सही किंवा अंगठा. मोजमाप पुस्तिकेत अभियंत्याने लिहिलेली लांबी, रुंदी, उंची. सिमेंट, वाळू आणि दगडाची बिले, वाहतुकीच्या पावत्या. शेवटी काम पूर्ण झाल्याचा दाखला.

मी स्वतः हजेरीपट हाताळले आहेत. कागद जाडसर, आडवा, रकाने आखलेले. ३१ घरांत ‘ह’ किंवा ‘गै’. शेवटच्या रकान्यात जांभळे अंगठे. खोटा हजेरीपट पहिल्या नजरेत खऱ्यापेक्षा चांगला दिसतो. उन्हात, मुकादमाच्या मांडीवर भरलेल्या खऱ्या पटावर मातीचे डाग असतात, शाई फुटलेली असते, एखादे नाव खोडून वर लिहिलेले असते. खोटा पट टेबलावर बसून एका हाताने, एका पेनने भरलेला असतो. त्यात एकही खाडा नसतो. बारा दिवस बारा जण रोज हजर. ज्याने कधी मजुरी केली आहे तो हे बघून लगेच म्हणेल की असे होत नाही. कुणाचे पोर आजारी पडते, कुणाच्या घरी मयत होते.

पण तपासणीला येणारा लेखापरीक्षक मजुरी केलेला नसतो. तो जिल्ह्याच्या ठिकाणी बसून हजेरीपटाची बेरीज बिलाशी लावतो, बिल मोजमाप पुस्तिकेशी लावतो, पुस्तिका पूर्णत्वाच्या दाखल्याशी. सगळे जुळते, कारण सगळे जुळवूनच लिहिलेले असते. कागद कागदाशी ताडून खोटेपणा सापडत नाही. तो सापडतो कागद माणसाशी ताडल्यावर, आणि ते माणूस राहतो तिथेच होऊ शकते.

जनसुनावणीची, म्हणजे गावाने एकत्र बसून सरकारी कागद सगळ्यांसमोर ताडून पाहण्याची कल्पना या एका जाणिवेवर उभी आहे.

कोट किराना, २ डिसेंबर १९९४

पहिली जनसुनावणी पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे झाली. कागद मिळाले ते एका सहानुभूती असलेल्या अधिकाऱ्यामुळे. तेव्हा हक्क म्हणून मागण्याची सोय नव्हती, कुणाच्या तरी चांगुलपणावरच काम भागत होते.

कागद हाती आल्यावर लगेच सभा घेतली नाही. हे लक्षात घेण्यासारखे आहे, कारण आपल्याकडची बरीच आंदोलने नेमकी इथे घाई करतात. आधी कार्यकर्ते गावोगाव, घरोघर फिरले. हजेरीपटावरचे नाव घेऊन त्या माणसाच्या दारात जायचे. तुम्ही या कामावर होता का? किती दिवस? हातात किती आले? बिलात जेवढा दगड लिहिला आहे तेवढा आला का, कुठून आला? प्रत्येक उत्तर टिपून घ्यायचे. सभेत ऐनवेळी काही उघड होऊन खळबळ उडावी, अशी ही योजना नव्हती. ज्याला जे माहीत आहे ते चारचौघांत बोलायची त्याची तयारी आहे का, हेही या फेऱ्यांत कळायचे. तयारी नसेल तर त्याला पुढे ढकलायचे नाही.

मग गावात मोकळ्या जागेवर मांडव पडला. बाहेरून आलेली काही जाणती माणसे पंच म्हणून बसली. सरपंचांना, ग्रामसेवकांना, अधिकाऱ्यांना रीतसर बोलावणे होते. त्यांनी यावे, ऐकावे, उत्तर द्यावे. पक्षाची भाषणे नाहीत. बोलायचे ते कागदात लिहिलेल्या कामांबद्दल.

आणि कागद मोठ्याने वाचायला सुरुवात झाली.

सुनावणीचा गाभा हे वाचन. माइकवरून नाव, कामाचे ठिकाण, दिवस, रक्कम. ज्याचे नाव घेतले तो समोरच बसलेला. कुणी उठून सांगायचे की मी त्या कामावर पाऊलही ठेवले नाही. कधी नाव निघायचे केव्हाच वारलेल्या माणसाचे. पटवाऱ्याच्या कार्यालयाची इमारत कागदावर पूर्ण झाली होती, आणि ती अर्धवट इमारत गावातल्या सगळ्यांनी रोज पाहिलेली होती. पूर्णत्वाचा दाखला वाचून झाल्यावर तिथे कुणी भाष्य करायची गरजच नव्हती.

त्याच महिन्यात ७ तारखेला भीम आणि १७ तारखेला विजयपुरा, मग ७ जानेवारी १९९५ ला जवाजा, २५ एप्रिलला भिलवाडा जिल्ह्यातले थाना. पाच महिन्यांत, चार जिल्ह्यांत, पाच सुनावण्या. भीम भागात साहित्य पुरवणारी म्हणून जिच्या नावे बिले निघाली होती, ती कंपनी फक्त कागदावर असल्याचे निघाले.

विरोधही लगेच झाला. जवाजाच्या सुनावणीच्या वेळी ग्रामसेवकांनी बाहेरच्या कुणाला कागद द्यायला नकार दिला आणि त्यासाठी आंदोलनाचा पवित्रा घेतला. लेखापरीक्षण झाले तर आम्ही सरकारला उत्तर देऊ, गावाला नाही, अशी त्यांची भूमिका होती. इथे थोडे थांबले पाहिजे. ग्रामसेवक हा साखळीतला शेवटचा माणूस. वरून सही कर म्हटले की सही करणारा, आणि प्रकरण अंगाशी आले की पहिला निलंबित होणारा. त्याच्या भीतीत खोटे काही नव्हते. पण ‘सरकारला उत्तर देऊ, गावाला नाही’ हे वाक्य त्या भीतीतून आलेले नाही. गाव आणि सरकार या दोन वेगळ्या जागा आहेत, आणि आपण नोकर दुसऱ्या जागेचे, हे तिथे इतके मुरलेले होते की ते म्हणताना जीभही अडखळत नव्हती.

मांडवाला शिक्षा करायचा अधिकार नव्हता

जनसुनावणीला कायद्याने कसलाही अधिकार दिलेला नव्हता. समन्स काढता येत नव्हते, दंड करता येत नव्हता. मग सरपंच घाबरले कशाला?

उत्तर शोधायला न्यायालयात जाऊन बसावे. तिथे साक्षीदार एकटा असतो. गावाबाहेर, अनोळखी इमारतीत, अनोळखी भाषेत बोलणाऱ्या वकिलासमोर. मांडवात तोच माणूस आपल्या माणसांत असतो. डाव्या हाताला भावकी, मागे शेजारीण, समोर सरपंच, ज्याला तो लहानपणापासून ओळखतो. खोटे बोलला तर दहा जण तिथल्या तिथे अडवतील, आणि हा नियम दोन्ही बाजूंना लागू. एखाद्या मजुराने वाढवून सांगितले तरी शेजारी बोलायचे. म्हणून मी या सुनावण्यांना लोकांचा दरबार म्हणणार नाही. दरबारात कुणीतरी वर बसलेला असतो. इथे पंचसुद्धा फक्त ऐकायला आणि नोंद घ्यायला बसले होते.

दुसरे म्हणजे, भ्रष्टाचार हा शब्द तिथे कमी आणि रकमा जास्त उच्चारल्या जात. ‘सगळे चोर आहेत’ असे म्हटल्याने कुणाचे काही बिघडत नाही. अमक्या बंधाऱ्यावर अमक्या बाईच्या नावे बारा दिवसांची मजुरी उचलली, ती बाई ही इथे बसली आहे, असे म्हटल्यावर उत्तर द्यावे लागते.

बायका पुढे येऊन बोलल्या हेही याच्याशी जोडलेले आहे. राज्यकारभारावर बोल म्हटले तर ज्या गप्प राहिल्या असत्या, त्या आपल्या मजुरीचा हिशेब पै-पैसह सांगू शकत होत्या. संगठनेतल्या सुशीला यांनी दिल्लीत पत्रकारांसमोर दिलेले उत्तर पुढे खूप गाजले. मुलाला दहा रुपये देऊन बाजारात पाठवते तेव्हा परत आल्यावर त्याला हिशेब विचारते. सरकार माझ्या नावावर कोट्यवधी रुपये खर्च करते, तर मी हिशेब विचारायचा नाही का? ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा या बोलण्यापासून वेगळी काढताच येत नाही.

वर्तमानपत्राचे कात्रण

५ एप्रिल १९९५ रोजी मुख्यमंत्री भैरोसिंह शेखावत यांनी विधानसभेत जाहीर केले की पंचायतीच्या गेल्या पाच वर्षांतल्या विकासकामांच्या कागदांची छायाप्रत नागरिकांना मिळेल. दुसऱ्या दिवशी ‘दैनिक नवज्योति’ने ही बातमी छापली. संगठनेच्या लोकांनी ते कात्रण जपून ठेवले, गावोगाव नेले, अधिकाऱ्यांसमोर ठेवले. अधिकारी म्हणायचे, आमच्याकडे आदेश आलेला नाही. वर्ष गेले.

म्हणूनच धरण्याला तारीख निवडली ती ६ एप्रिलची.

लोकसभेच्या निवडणुकीचा तो हंगाम. पुढाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावरून धावत होत्या आणि चांग गेटपाशी गाणी चालू होती. शंकर सिंह बाहुली हातात घेऊन लोकांना हसवत आणि हसता हसता हजेरीपट म्हणजे काय ते समजावून सांगत. खेड्यांतून घरटी धान्य गोळा होऊन आले. ब्यावर हे व्यापारी शहर, खेड्यातल्या मजुरांशी त्याचे नाते फक्त दुकानापुरते. तरी भाजीवाल्यांनी भाजी दिली, मांडववाल्याने भाडे कमी केले, शहरातले लोक स्वयंपाकाला हात लावायला आले. १ मे तिथल्या कामगार संघटनांनी धरण्यातल्या लोकांबरोबर साजरा केला. निखिल चक्रवर्ती आणि प्रभाष जोशी यांच्यासारखे संपादक तिथे येऊन बसले. माहितीचा हक्क हा पत्रकारांचा हक्क मानला जायचा. तो रेशन, मजुरी आणि औषधाचा हक्क आहे, हे त्यांनी या मजुरांकडून ऐकले आणि लिहिले. ‘हम जानेंगे, हम जिएंगे’ ही घोषणा याच काळातली.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे परत जाते. बघायला हरकत नाही, नक्कल मिळणार नाही, हा आदेश त्यांनी का नाकारला?

माझ्या स्वतःच्या अनुभवातून सांगते. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात पाणंद रस्त्याच्या कामाचा हजेरीपट मागायला गेले होते. भाऊसाहेब सज्जन माणूस, चहा मागवला. “बघून घ्या ना ताई, नक्कल कशाला? हे काय, तुमच्यासमोरच आहे सगळं.” गठ्ठा पुढे सरकवला. बरोबर गावातल्या दोन बायका होत्या. त्या कागदाकडे नुसत्या पाहत राहिल्या. त्यांच्यासाठी बघणे म्हणजे पांढऱ्यावर काळे. मी भराभर नावे वाचत गेले, पाच-सहा टिपून घेतली, तेवढ्यात बाहेर कुणीतरी आले आणि गठ्ठा बंद झाला. महिन्याने पुन्हा गेलो तेव्हा म्हणाले, कोणता पट? तो तर तालुक्याला गेला.

वाचता येणाऱ्याला बघण्याचा थोडा तरी उपयोग. ज्याला वाचता येत नाही त्याला तो कागद गावात न्यावा लागतो, शाळेत जाणाऱ्या पोरीच्या हातात द्यावा लागतो, तिने मोठ्याने वाचावा लागतो आणि दहा जणांनी ऐकावा लागतो. तेव्हा कुठे तो कागद बघितल्यासारखे होते. नक्कल असेल तरच हे होते. शिवाय नकलेवर शिक्का असतो, आणि एकदा ती गावात पोचली की मूळ पटात मागाहून खाडाखोड करता येत नाही. निरक्षर माणसाला नकलेची गरज साक्षर माणसापेक्षा जास्त आहे, हे ब्यावरच्या लोकांना ठाऊक होते. आदेश लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक असावे असे मला वाटते, नाहीतर नेमके तेवढेच कशाला वगळले असते?

राजपत्रात निजलेला हक्क

मे महिन्याच्या मध्याला सरकारने छायाप्रती कशा द्यायच्या हे ठरवायला समिती नेमली आणि धरणे थांबले. समितीने अहवाल दिला. तो अहवालही गोपनीय ठेवला गेला.

दरम्यान लढा राजस्थानच्या बाहेर गेला. १९९६ मध्येच लोकांच्या माहिती अधिकारासाठी राष्ट्रीय मोहीम उभी राहिली. कायद्याचा पहिला नीट मसुदा तयार झाला तो भारतीय वृत्तपत्र परिषदेत. परिषदेचे अध्यक्ष होते सर्वोच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत. मराठी वाचकाने हे नाव या संदर्भात लक्षात ठेवावे. देवडूंगरीच्या मातीच्या घरातून निघालेल्या मागणीला कायद्याची भाषा देण्यात आपल्या एका माणसाचा मोठा हात आहे.

२६ मे १९९७ ला लोक पुन्हा धरण्यावर बसले, या वेळी जयपुरात. दीड महिना उलटून गेला. १४ जुलैला उपमुख्यमंत्र्यांनी जाहीर केले की पंचायत राज नियमांत दुरुस्ती झालेली आहे, नागरिकांना प्रमाणित नकला मिळतील, आणि तशी अधिसूचना सहा महिन्यांपूर्वीच राजपत्रात निघाली आहे.

सहा महिने. म्हणजे जयपूरच्या रस्त्यावर लोक उन्हात बसले होते ते आधीच मिळालेल्या हक्कासाठी, आणि त्यांच्याशी वाटाघाटी करणाऱ्यांनी तो मिळाल्याचे सांगितले नव्हते. मी हे पहिल्यांदा वाचले तेव्हा राग आला. आता वाटते, माहितीचा कायदा कशाला हवा हे याहून स्पष्ट कुणी सांगू शकले नसते.

नंतर काय झाले

नियम हातात आल्यावर सुनावण्यांना धार आली. जानेवारी १९९८ मध्ये कुकरखेडा इथल्या सुनावणीत सरपंचाने एक लाख रुपये परत करण्याचे कबूल केले. पंचायतीचा पैसा असा परत येतो, हे त्या भागाने पहिल्यांदा पाहिले. पण असे रोज घडले नाही. कबूल करणाऱ्या सरपंचावर इतर सरपंचांचा दबाव यायचा. फौजदारी कारवाई क्वचित व्हायची आणि झाली तरी रेंगाळायची. राजसमंद जिल्ह्यातल्या जनावद पंचायतीचे कागद मिळवायला, हक्क असूनही, सुमारे वर्ष गेले. ३ एप्रिल २००१ ला तिथे सुनावणी झाली तेव्हा कागदावर असलेली आणि जमिनीवर नसलेली कामे एकामागून एक निघत गेली. त्यानंतर सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

राजस्थानने २००० मध्ये माहिती अधिकाराचा कायदा केला. गोवा आणि तमिळनाडूने १९९७ मध्येच केले होते. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा कायदा आला आणि तो तेव्हाच्या राज्य कायद्यांत बराच भक्कम होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्ण लागू झाला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कलम १७ ने ग्रामसभेकडून सामाजिक अंकेक्षणाची, म्हणजे गावानेच कामे आणि खर्च तपासण्याची तरतूद आली. कोट किरानाचा मांडव एका अर्थाने कायद्यात शिरला.

एका अर्थानेच, कारण माझे म्हणणे असे आहे की कायद्याने नक्कल घेतली आणि मांडव मागे ठेवला. माहिती अधिकार आज बहुतेक ठिकाणी एकट्या माणसाचे काम झाले आहे. तो अर्ज करतो, दहा रुपयांचा स्टॅम्प लावतो, तीस दिवस वाट पाहतो, अपील करतो, आयोगाच्या तारखेची वर्षानुवर्षे वाट पाहतो. त्याच्या हातात शेवटी कागद येतो आणि त्याच्याच पिशवीत राहतो. गावात त्याला ‘माहिती अधिकारवाला’ म्हणतात आणि त्यात आदर असतोच असे नाही. एकटा असल्यामुळे त्याला धमकावणे सोपे, आणि विकत घेणेही सोपे. कागद मांडवात वाचला असता तर या दोन्ही गोष्टी अवघड झाल्या असत्या.

महाराष्ट्रात मांडव जिवंत राहिल्याचे एक उदाहरण मात्र आहे. २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात लोकाधारित देखरेखीचे काम अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत सुरू झाले. गावातले लोक प्राथमिक आरोग्य केंद्राची प्रगतिपुस्तके भरायचे. चांगल्याला हिरवा, बऱ्याला पिवळा, वाईटाला लाल रंग. मग जनसुनावणीत डॉक्टर आणि अधिकाऱ्यांसमोर ती मांडायची. रंग का निवडले हे सांगायला नको. ब्यावरच्या लोकांना ते लगेच समजले असते.

आणि एक नवी अडचण आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमाची भाषा बदलली आणि नकाराची वाट रुंद केली. हजेरीपटावर नावेच असतात. नाव काढून टाकलेला हजेरीपट मांडवात वाचून दाखवा. रक्कम ऐकू येईल, पण उठून उभे कुणाला राहता येणार नाही, कारण आपल्यालाच हाक मारली आहे हे कुणाला कळणारच नाही.

आमच्या पाणंद रस्त्याचा पट तालुक्याहून परत आणायला सात महिने आणि एक अपील लागले. नक्कल आली ती अकरा पानांची, प्रत्येक पानावर शिक्का. शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा भरली. आठवीतल्या एका मुलीने वाचायला घेतले. तिसऱ्या पानावर एक नाव आले आणि खांबाला टेकून बसलेल्या मावशी म्हणाल्या, “हे तर माझं सासरं. त्यांना जाऊन सहावं वरीस चाललंय.” कुणी हसले नाही. भाऊसाहेबांनी इतिवृत्ताच्या वहीतून मान वर केली, सरपंचांकडे पाहिले. सरपंच म्हणाले, “लिहून घ्या.” ते लिहीत होते तोवर सगळे शांत होते. लिहून झाल्यावर मावशींनी त्या मुलीला सांगितले, “हां, आता फुडचं नाव वाच, बाई.”